खांदा का खंगतो?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या नंदुरबारची मिरची साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. हंगामात गावाबाहेरच्या पथारींवर ओली मिरची वाळत पडते, बायाबापड्या दिवसभर बसून देठ खुडतात आणि वर्तमानपत्रांतून त्या लाल रानाची छायाचित्रे छापून येतात. परंतु वाळलेली मिरची पोत्यात भरल्यावर ज्या खांद्यांवरून ट्रकमध्ये चढते, त्या खांद्यांविषयी कोणी फारसे लिहीत नाही. या लेखात मी अशाच एका खांद्याविषयी लिहिणार आहे. तो माझ्या वडिलांचा उजवा खांदा होय.

मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी नाही. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मीच पहिला. त्यामुळे वैद्यकाचा विषय हाती घेणे हे थोडे धाडसच आहे. परंतु एका प्रश्नाने मला दीड वर्ष स्वस्थ बसू दिले नाही. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले आणि जाणकारांना विचारून जे समजले, ते माझ्यासारख्याच मित्रांसाठी सोप्या भाषेत मांडीत आहे.

प्रश्न कसा पडला?

२०२१ च्या डिसेंबरात ट्रकला लावलेल्या फळीवरून पोते चढवताना वडिलांचा पाय घसरला. पडू नये म्हणून त्यांनी उजव्या हाताने ट्रकचा फाळका धरला. पोते खाली गेले, सारे अंग त्या एका हातावर लोंबकळले आणि खांद्यात ‘कट्’ असा आवाज झाला. त्या रात्री हात वर होईना. दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात क्ष-किरण फोटो काढला. हाड शाबूत आहे, मुका मार आहे, असे सांगून गोळ्या मिळाल्या. पुढे एका जाणत्या माणसाने महिनाभर तेल चोळून दिले. हळूहळू ठणका कमी झाला. “आते बरं शे,” असे म्हणून वडील डाव्या खांद्यावर ओझे घेऊ लागले. आम्हां सर्वांना हायसे वाटले.

२०२४ च्या उन्हाळ्यात आईच्या लक्षात आले की, सदरा खुंटीला अडकवताना वडील डाव्या हाताने उजवा हात वर ढकलतात. पाठीला तेल लावताना तिला उजव्या खवाट्यावर वाटीएवढा खळगा लागला. डाव्या बाजूला तसा खळगा नव्हता. या खेपेस मी वडिलांबरोबर गेलो. एम. आर. आय. तपासणी झाली. डॉक्टरांनी चित्र उजेडासमोर धरले. स्नायू जेथे काळसर दिसावयास हवा, तेथे पांढरे पट्टे होते. ते पांढरे म्हणजे चरबी, असे त्यांनी सांगितले. स्नायू आणि चरबी निम्मेनिम्मी झाली होती. मग ते म्हणाले, “दादा, दोर तुटला तेव्हाच यायला हवे होते. आता दोर शिवता येईल, पण ओढणारा राहिला नाही.”

वडील गप्प राहिले. मला मात्र ते वाक्य कळले नाही. तुटला तो दोर होता. मग ओढणारा का जावा? आणि दुखणे तर कमी झाले होते. जे बरे होत आहे असे आम्ही समजत होतो, ते आतून संपत कसे गेले?

खांद्याची घडण

शाळेत आपण उखळीचा सांधा शिकलो. कमरेचा सांधा हा खरा उखळीचा सांधा. त्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल बसलेला असतो. खांद्याची उखळ मात्र बशीसारखी उथळ आहे. त्यामुळेच हात पुढे, मागे, वर, असा चोहोकडे फिरतो. शरीरातील सर्वांत मोकळा सांधा तोच. परंतु या मोकळेपणाची किंमत मोजावी लागते. उथळ बशीत दंडाच्या हाडाचा मोठा गोळा स्थिर ठेवण्याचे काम हाडांना जमत नाही. ते स्नायूंना करावे लागते.

हे काम करणारे चार स्नायू खवाट्यापासून निघतात. त्यांची नावे सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलारिस अशी आहेत. चौघांची टोके पांढऱ्या, चिवट पट्ट्यांत रूपांतरित होऊन दंडाच्या हाडाच्या गोळ्याला कफासारखी वेढून चिकटतात. म्हणून या समूहाला रोटेटर कफ म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या अशा पट्टीला पुस्तकी मराठीत कंडरा हा शब्द आहे. आपण बोलताना नुसते ‘शीर’ म्हणून मोकळे होतो. खांद्याला गोलाई देणारा वरचा डेल्टॉइड हा मोठा स्नायू हात उचलतो खरा, पण तो उचलत असताना गोळा बशीतून वर सरकू न देण्याची जबाबदारी या चौघांची असते. कफ कामातून गेला की डेल्टॉइडची ताकद गोळा वर ढकलण्यात वाया जाते आणि हात अर्ध्यावरच अडतो.

मोट मी चालताना पाहिलेली नाही, पण आजोबांकडून तिच्याविषयी पुष्कळ ऐकले आहे. त्या भाषेत सांगावयाचे तर हाड म्हणजे मोट, स्नायू म्हणजे बैल आणि कंडरा म्हणजे नाडा. नाडा तुटला तर मोट विहिरीत राहते, हे कोणालाही समजते. परंतु आपली समजूत अशी असते की बैल तर शाबूत आहे. सवडीने नवा नाडा बांधला की काम पूर्ववत सुरू होईल. खांद्याच्या बाबतीत नेमकी हीच समजूत चुकीची ठरते.

कंडरा तुटल्यावर स्नायूचे काय होते?

स्नायू हा ताणावर जगणारा अवयव आहे. कंडरा हाडापासून सुटली की दुसऱ्या टोकाचा आधार नाहीसा होतो आणि स्नायू खवाट्याच्या दिशेने आखडत जातो. कंडरा पूर्ण फाटली असेल तर ती आपोआप हाडाला परत चिकटणे दुर्मीळच. उलट काळ जाईल तसे अंतर वाढण्याचा धोका असतो. ताण नसलेल्या स्नायूचे तंतू बारीक होतात आणि लांबीलाही कमी पडतात. ही झाली पहिली गोष्ट, स्नायूची झीज.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. झिजलेल्या स्नायूत चरबी भरू लागते. ही चरबी जास्त खाल्ल्याने येणारी नव्हे. किडकिडीत हमालाच्या खांद्यातही ती येते. झ्यूरिक येथील शस्त्रवैद्य क्रिश्चन गर्बर आणि त्यांचे सहकारी यांनी मेंढ्यांच्या खांद्यांवर प्रयोग करून याचा मागोवा घेतला. हे स्नायुतंतू सरळ नसून पिसाच्या केसांप्रमाणे तिरके बसवलेले असतात. स्नायू आखडला की त्यांचा तिरकेपणा वाढतो आणि तंतूंच्या मधल्या फटी रुंदावतात. या फटींत चरबी आणि तंतुमय पदार्थ भरतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली बाब अशी की, तुटलेली कंडरा उशिरा पुन्हा जोडली तरी भरलेली चरबी निघून गेली नाही.

पण चरबी येते कोठून? याचे उत्तर २०१० साली दोन स्वतंत्र संशोधक गटांनी दिले. निरोगी स्नायूतही तंतूंच्या मधोमध काही विशिष्ट पेशी असतात. एरवी स्नायूला इजा झाली तर या पेशी त्याच्या दुरुस्तीला हातभार लावतात. परंतु विशिष्ट परिस्थितीत त्याच पेशी चरबीच्या आणि तंतुमय पेशी बनतात. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. रान पडीक टाकले की गवताचे बी बाहेरून आणून पेरावे लागत नाही. ते मातीतच असते. नांगर चालू असतो तोवर ते दबून राहते, एवढेच.

याखेरीज तिसरेही एक कारण काही संशोधक मांडतात. या स्नायूंपैकी दोघांना चालना देणारी नस खवाट्याच्या हाडातील एका खाचेतून जाते. स्नायू फार मागे ओढला गेला तर ती नस ताणली जाऊन दुखावते व स्नायूची झीज वाढते, असे त्यांचे म्हणणे आहे. मात्र सर्वच रुग्णांत असे घडलेले आढळत नाही.

येथे एका जुन्या नोंदीचा उल्लेख करावासा वाटतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पहिला अध्याय वातव्याधींचा आहे. त्यात ‘अवबाहुक’ नावाचा विकार सांगितला असून खांद्यात ठाण मांडलेला वायू खांद्याचे बंधन सुकवतो, अशा अर्थाचे त्याचे वर्णन आहे. तो आणि आजचा कंडरा फाटण्याचा विकार एकच, असा दावा मी करीत नाही. परंतु खांदा नुसता दुखत नाही तर सुकतोही, हे आपल्याकडील वैद्यांनी फार पूर्वी टिपून ठेवले होते, एवढे म्हणता येईल.

वेळेचा हिशेब

फाटलेली कंडरा शिवता येते ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतील बोस्टनचे शस्त्रवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनी अशा शस्त्रक्रियेची माहिती १९११ साली प्रसिद्ध केली होती आणि १९३४ साली खांद्यावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परंतु स्नायूत किती चरबी भरली आहे हे ठरविण्याची पद्धत पुष्कळ उशिरा आली. फ्रान्समधील डॅनिएल गुटालिए यांनी १९९४ साली सी. टी. स्कॅनच्या आधारे पाच दर्जे सुचविले. निरोगी स्नायूचा दर्जा शून्य. चरबीच्या चार रेघा दिसल्या तर एक. चरबी आहे, पण स्नायू तिच्याहून जास्त असेल तर दोन. दोन्ही सारखी झाली तर तीन. आणि चरबी स्नायूहून जास्त झाली तर चार. आज हेच दर्जे एम. आर. आय. पाहतानाही वापरतात. या हिशेबाने माझ्या वडिलांचा खांदा तिसऱ्या दर्जात बसतो.

या पायऱ्या उतरावयास किती काळ लागतो? फ्रान्समध्येच १,६८८ रुग्णांच्या तपासण्या अभ्यासून २०१० साली याचे उत्तर देण्यात आले. सुप्रास्पायनेटस स्नायूत मध्यम प्रमाणात चरबी दिसू लागली ती त्रास सुरू झाल्यापासून सरासरी ३ वर्षांनी, आणि तीव्र प्रमाणात सरासरी ५ वर्षांनी. हा सरासरीचा हिशेब आहे. कंडरा मोठी फाटली असेल किंवा एकाहून अधिक कंडरा गेल्या असतील तर ऱ्हास लवकर होतो. वडिलांना तर अडीच वर्षेच झाली होती.

हा आकडा वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. आमच्या घरी तेल चोळणे चालू होते, ठणका कमी झाल्याचा आनंद होत होता, तेव्हा आत हा हिशेब चालू होता. येथेच माझ्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आहे. दुखणे किती आहे आणि कंडरा किती फाटली आहे, यांचा मेळ बसेलच असे नाही. लहानशा फाटीने माणूस रात्रभर तळमळतो आणि मोठी फाट असलेला कधी कधी शांत झोपतो. म्हणून दुखणे थांबले म्हणजे खांदा बरा झाला, असे मानता येत नाही. खरी परीक्षा वेदनेची नसून ताकदीची आहे.

शिवल्यावर स्नायू परत येतो का?

याचे उत्तर अर्धे होकारार्थी आणि अर्धे नकारार्थी आहे. कंडरा वेळेवर शिवली आणि शिवण टिकली, तर ऱ्हास बहुधा तेथेच थांबतो किंवा मंदावतो. बारीक झालेला स्नायू व्यायामाने काही अंशी भरूनही येतो. परंतु एकदा भरलेली चरबी सहसा निघून जात नाही. शिवाय आखडलेला, चरबी भरलेला स्नायू ताठर झालेला असतो. वाळून आखडलेली चामड्याची वादी ओढून गाठ मारली तर ती पुन्हा तुटते, तसेच येथे होते. चरबी जितकी जास्त, तितका शिवण उसवण्याचा धोका जास्त. म्हणूनच डॉक्टरांनी वडिलांना शस्त्रक्रियेचा आग्रह धरला नाही. उरलेले स्नायू आणि डेल्टॉइड बळकट करण्याचे व्यायाम त्यांनी शिकविले.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून कोणी उगाच घाबरेल. प्रत्येक फाटलेली कंडरा शिवावी लागत नाही. १९९५ साली अमेरिकेत, खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ९६ माणसांचे एम. आर. आय. काढण्यात आले. त्यांतील साठीच्या पुढच्या निम्म्याहून अधिक लोकांच्या कंडरा कमीजास्त फाटलेल्या निघाल्या! वयाबरोबर केस पिकावेत तशी ती झीज आहे. अशा हळूहळू झालेल्या लहान फाटी पुष्कळदा नुसत्या व्यायामाने सांभाळता येतात. परंतु धडधाकट माणसाला पडून किंवा हिसका बसून हात उचलताच येईना, तर ती गोष्ट निराळी. तेथे दिवस मोजावे लागतात.

हमालाजवळ वेळ कोठे असतो?

आता मी वैद्यकातून थोडा आपल्या विषयाकडे, म्हणजे समाजाकडे वळतो. डॉक्टर म्हणाले, “तेव्हाच यायला हवे होते.” ते बरोबरच आहे. परंतु हमालाची मजुरी पोत्यावर असते. शस्त्रक्रिया झाली तर महिना-दीड महिना हात झोळीत ठेवावा लागतो आणि पुढे कित्येक महिने ओझे उचलता येत नाही. ज्या घरात आज पोती उचलली तर उद्या दळण येते, त्या घराने हे महिने आणावेत कोठून? हा विलंब केवळ अज्ञानाचा नाही, तो दारिद्र्याचाही आहे.

ओझ्याचा प्रश्न ओळखणारे लोक आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. ते स्वतः व्यवसायाने आयुर्वेदाचे डॉक्टर होते, ही गोष्ट मला विशेष वाटते. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. त्याआधी दोनच वर्षे, १९६७ साली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने एका वेळी वाहावयाचे कमाल ओझे ५५ किलो असावे, अशी शिफारस केली होती. आपल्याकडे तेव्हा १०० किलोचे पोते सर्रास पाठीवर चढत होते. ते ५० किलोंवर यावे म्हणून हमाल संघटनांना पुढे दीर्घ काळ झगडावे लागले. हा लढा मजुरीइतकाच शरीराचाही होता, हे मला खांद्याचा अभ्यास करताना उमगले.

आपण काय करू शकतो?

आपल्या महाविद्यालयातील कितीतरी मित्र सुटीत मार्केट यार्डात किंवा पथारीवर कामाला जातात. कितीतरी जणांचे वडील, काका, मामा तेच काम करतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून हा लेख संपवितो.

पहिली गोष्ट, हिसका बसल्यावर किंवा पडल्यावर हात बाजूने वर उचलता येत नसेल, उचलून दिलेला हात धरून ठेवता येत नसेल, किंवा त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर तो ‘मुका मार’ म्हणून सोडून देऊ नये. काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, अस्थिरोग तज्ज्ञाला दाखवावे.

दुसरी, क्ष-किरण फोटोत कंडरा दिसत नाही. त्यात मुख्यतः हाड दिसते. हाड शाबूत म्हणजे खांदा शाबूत, असे नव्हे. कंडरा पाहण्यासाठी सोनोग्राफी किंवा एम. आर. आय. लागते. “कंडरा तपासली का?” असे विचारण्यात डॉक्टरांचा अनादर होत नाही.

तिसरी, तेल चोळण्याने बरे वाटत असेल तर खुशाल चोळावे. पण हाडापासून सुटलेली कंडरा चोळून चिकटत नाही. बरे वाटते आहे म्हणून तपासणी पुढे ढकलू नये.

चौथी गोष्ट माझ्यासारख्या मुलांसाठी आहे. घरातला शिकलेला माणूस म्हणून दवाखान्यात आपण सोबत जावे. २०२१ साली मी दहावीच्या आतबाहेर होतो. शाळेतून आल्यावर वडिलांची चिठ्ठी मी वाचली होती. गोळ्यांच्या वेळा सांगितल्या होत्या. पुढे काय विचारावयाचे असते, ते मला ठाऊक नव्हते. ते आज ठाऊक आहे.

वडील आता ओझे उचलत नाहीत. ते पथारीवर राखणीला जातात. रोज सकाळी ओट्यावर उभे राहून डॉक्टरांनी शिकविलेले व्यायाम करतात. भिंतीवर बोटे चालवीत हात वर नेतात आणि जेथवर पोहोचला तेथे मी कोळशाने रेघ ओढतो. आता ती रेघ त्यांच्या कानाच्या उंचीवर आली आहे. खुंटी अजून वीतभर वर आहे. आईने सुचविले की खुंटीच खाली ठोकावी. वडील नको म्हणाले.

गेल्या महिन्यात त्यांच्या टोळीतला एक तरुण गडी पोत्यासह घसरला. चार दिवसांनी भेटला तेव्हा म्हणाला, दुखणे कमी आहे. मी त्याला हात वर करावयास सांगितले. हात छातीच्या वर गेला नाही. दुसऱ्याच दिवशी वडील स्वतः त्याला घेऊन रुग्णालयात गेले.